लहान मुलं आणि कॅन्सरचे धोके: घरातलं नेमकं काय टाळायचं, कशाचा ताप करून घ्यायचा नाही?

चिऊची_आई (सुदामा नगर, इंदूर)

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. घरात तीन वर्षांची चिऊ आणि तिचा धाकटा भाऊ, नुकती मान धरायला लागलाय. सोसायटीच्या ग्रुपवर एक यादी फिरतेय, "मुलांना कॅन्सरपासून वाचवा". त्यात मोबाइल, मायक्रोवेव्ह, प्लास्टिकचा डबा, बिस्किटं, ब्रेड, टूथपेस्ट, पावडर, नॉनस्टिक तवा, सगळं एका दमात. ती वाचून नणंदेने माळ्यावरची निम्मी भांडी भंगारात काढली. त्याच संध्याकाळी बाळाच्या खोलीत खिडक्या लावून मच्छरांची कॉईल पेटवली. यादीत कॉईल नव्हती ना!

आमच्याकडे अजून एक प्रकरण म्हणजे धुरी. अंघोळ झाली की साबा (सासूबाई) शेगडीत गोवरीचा निखारा घेतात, वर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणीची सालं आणि चिमूटभर ऊद. खोली बंद. बाळाला दुपट्यात धरून शेगडीवरून फिरवायचं. धूर इतका की समोरचं कपाट दिसत नाही. बाळ ठसकलं की साबा म्हणतात, "बघ, कफ सुटतोय." चिऊच्या वेळी मी माहेरी होते त्यामुळे प्रश्न आला नव्हता.

तर विचारायचं असं, की सगळं बंद करणं शक्य नाही. आधी काय बंद करू? आणि घरात भांडण न होता कसं?

पोहे_जिलेबी

ताई, यादीत पोहे-जिलेबी नाहीत ना? मग चालू द्या.

गंमत सोडा, पण आम्ही सगळे असल्याच घरांत वाढलो. आजोबा बिडी ओढायचे, चूल होती, फवारणीचा पंप गोठ्यात टांगलेला असायचा. हल्ली प्रत्येक गोष्टीला कॅन्सर चिकटवायची फॅशन आलीय. उद्या म्हणतील सराफा बाजारातले तळलेल्या कंदाचे गराडू पण बंद करा. मग जगायचं कशाला, भिया?

डॉ_गुटी (बालरोग, इंदूर)

चिऊची_आई, ती यादी पुसून टाका आणि पुढे पाठवू नका. दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो, कारण यादी करणाऱ्याने त्यांचीच खिचडी केली आहे.

लहान मुलांना होणारा कॅन्सर हा मोठ्यांच्या कॅन्सरपेक्षा वेगळा प्रकार आहे. त्यात जास्त दिसतात ते रक्ताचे कॅन्सर (ल्युकेमिया), मेंदूतल्या गाठी आणि लिम्फोमा. जगभरात 0 ते 19 वयाच्या साधारण 4 लाख मुलांना दरवर्षी कॅन्सर होतो, आणि त्यांतल्या बहुतेकांत नेमकं कारण हाती लागत नाही. सुमारे 10 टक्क्यांत आनुवंशिक कल असतो. म्हणून आजारी मुलाच्या आईला "काय खाऊ घालत होतीस?" असं विचारणारे नातेवाईक भेटले की माझं डोकं फिरतं. ती बिस्किटांनी आणलेली गोष्ट नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे आज मुलाच्या फुप्फुसात आणि तोंडात काय जातं. त्याची वसुली तो चाळिशी-पन्नाशीचा झाला की होते. तिथे आपल्या हातात बरंच काही आहे.

आता "कॅन्सरकारक" या शिक्क्याबद्दल. फ्रान्समधल्या ल्योन इथे आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची संस्था आहे. ती पदार्थांचे गट पाडते: गट 1 म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का, 2ए म्हणजे बहुधा होत असावा, 2बी म्हणजे शक्यता नाकारता येत नाही. हे गट पुराव्याचे आहेत, धोका किती मोठा याचे नाहीत. गावात विहीर आहे हे सांगणं वेगळं आणि आपलं पोर काठावर उभं आहे का ते बघणं वेगळं. आयएआरसी फक्त विहीर कुठे आहे ते सांगते. मोबाइलच्या लहरी 2011 पासून 2बी मध्ये आहेत. त्याच रांगेत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही बसलाय.

तुमच्या घरात काठावर काय आहे? धूर. कॉईलचा, धुरीचा, कोणी ओढत असेल तर सिगारेटचा. पहिला हात तिथे घाला. बाकी सगळं सावकाश.

@पोहे_जिलेबी, चूल-बिडीच्या घरात वाढलेले जे राहिले तेच आज धाग्यावर लिहितायत. जे राहिले नाहीत त्यांचं खातं नाही इथे.

माई_लोकमान्यनगर

मी सहसा वाचते फक्त. पण धुरीचं वाचलं आणि राहवलं नाही.

अगं चिऊच्या आई, शेक-शेगडी ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मी दोन लेकी, एक सून, तिघींची बाळंतपणं याच हातांनी केली. बाळाचं अंग शेकलं की ते कसं शांत झोपतं ते तुझ्या डॉक्टरांना काय माहीत? सासूला एकदम "बंद करा" म्हणालीस तर तिला काय वाटेल याचाही विचार कर. तिचं बाळावर प्रेम आहे म्हणूनच ती कमरेत वाकून शेगडी फुंकतेय.

डॉ_गुटी

माई, नमस्कार. तुमचं एक वाक्य मी उचलतो: बाळ शेकल्याने शांत झोपतं. बरोबर, ऊब मिळते, हात फिरतो. ते काम शेकाचं आहे, धुराचं नाही. मग शेक ठेवा आणि धूर वजा करा. ओवा तव्यावर कोरडा गरम करून मऊ कापडाच्या पुरचुंडीत बांधा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि मग बाळाच्या पाठीला, तळपायाला हलकेच. कातडी नाजूक असते, तेवढी काळजी. बाळंतिणीचा शेक हवा तर उघड्या खिडकीच्या खोलीत, बाळ दुसरीकडे.

ठसका लागतो तो कफ सुटतो म्हणून नव्हे. गोवरी, लाकूड जाळल्यावर जो धूर होतो त्यात बेंझीन, फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण असतात. घरात असं सरपण जाळण्याचा धूर आयएआरसीने 2ए मध्ये टाकलाय. कॅन्सर बाजूला ठेवला तरी तान्ह्याला न्यूमोनिया होण्याचं हे ठरलेलं निमित्त आहे. पावसाळ्यात माझ्याकडे येणारी धाप लागलेली बाळं कोणत्या घरांतून येतात ते मला अंगाला धुराचा वास आलेला असतो त्यावरून कळतं.

आणि कॉईल. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉईल जाळून मोजमाप केलं होतं. एका कॉईलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचं वजन 75 ते 137 सिगारेटींच्या कणांइतकं भरलं. याचा अर्थ बाळाने तेवढ्या सिगारेटी ओढल्या असा नाही, पण बंद खोलीत रात्रभर हे नको. मच्छरदाणी लावा. आपल्याकडे डेंग्यूही असतो, त्यामुळे मच्छर चावू देणं हा पर्याय नाही.

नवखा_बाबा

उदबत्ती-धूपकांडी पण आली का यात? आई दोन्ही वेळा लावते, देवघर हॉललाच लागून.

डॉ_गुटी

एक उदबत्ती, खिडकी उघडी, मूल दुसऱ्या खोलीत: मी भांडायला जाणार नाही. धूपकांडी बंद हॉलमध्ये रोज: सांगेन. निरांजन आहेच की.

बडोदेकर_पण_आपलाच

इंदूरची हवा चांगली म्हणतात ना? 2023 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत तुमचा पहिला नंबर होता. आम्ही बडोद्यात बसून जळतो.

चिऊची_आई

नंबर शहराचा, गल्ली आमची. कचरागाडी गाणं वाजवत दारात येते, तरी कोपऱ्यावरचा चौकीदार थंडीत वाळका पाला आणि पन्न्या जाळून शेकत बसतो. त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून एक जाड कोट दिला आणि सांगितलं की पन्नी नको. शाळेची व्हॅन फाटकाशी उभी असते तेव्हा इंजिन चालूच असतं, तेही सांगून झालं. बाहेरच्या हवेचं प्रदूषण 2013 पासून गट 1 मध्ये आहे आणि डिझेलचा धूर 2012 पासून, हे मी आत्ता शोधून वाचलं. मुलांची नाकं सायलेन्सरच्या उंचीवर असतात हे कोणी लक्षातच घेत नाही.

मसाला_डबा

मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तेव्हा स्वयंपाकघर माझ्याकडे.

यादीवाल्यांना मायक्रोवेव्ह दिसतो आणि दाण्याचं कूट दिसत नाही. पावसाळ्यात ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन बनवते. हे गट 1 मधलं विष आहे, यकृतावर जातं. भाजल्याने थोडं कमी होतं, संपत नाही. त्यामुळे "भाजून घेतले की झालं" यावर विसंबू नका. दाणे ताटात पसरा, उजेडात. सुरकुतलेले, काळपट, हिरवट पावडर धरलेले, डोळा फुटलेले बाजूला काढा. एखादा चावून बघितल्यावर कडू-खवट लागला तर थुंका, आणि मुलाच्या खिचडीत तो घाणा वापरू नका. निवडण्याने खूप फरक पडतो, कारण विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, थोड्या खराब दाण्यांतच साचलेलं असतं. वर्षाचे दाणे एकदम भरायची सवय असेल तर ती इंदूरच्या पावसाळ्यात मोडा. महिन्याचे आणा, कोरड्या डब्यात ठेवा. कूट करून ठेवायचं तर फ्रीजमध्ये.

तळणाचं तेल: दुकानांसाठी नियम आहे, तेलातले खराब झालेले घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल फेकायचं, 1 जुलै 2018 पासून. घरी मशीन नसतं. तेल काळं पडलं, फेस धरायला लागलं, तापवताना लगेच धुरायला लागलं की सोडा. एकदा तळलेलं गाळून फोडणीत लवकर संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. कचोरी रद्दीच्या कागदावर घेऊ नका. शाई तेलात उतरते, एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) यावर बंदी आहे.

आणि जत्रेतला गुलाबी म्हातारीचा कापूस. त्यात ऱ्होडामाइन-बी सापडला म्हणून तमिळनाडूने फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच्यावर बंदी घातली. हा कपडे रंगवायचा रंग आहे, खाण्यात चालत नाही. पांढरा कापूस घ्या, साखर ती साखरच, पण निदान रंग तरी नाही.

पोहे_जिलेबी

जिलेबीचा केशरी रंग?

मसाला_डबा

परवानगी असलेले रंग असतात, ठरावीक प्रमाणात. बोट धुतल्यावरही दोन दिवस रंग जात नसेल तर दुकान बदला. रोज नका देऊ, रविवारी देताय तर सुखाने खाऊ द्या.

नवखा_बाबा

माझे प्रश्न एकदम विचारतो. (1) समोरच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे, बायको घर बदलू म्हणतेय. (2) मुलगा खाटेवरून पडला होता, दवाखान्यात लगेच डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला. केला. आता झोप लागत नाही. (3) बेबी पावडर.

डॉ_गुटी

टॉवरच्या लहरी पेशीतला डीएनए तोडण्याइतक्या ताकदीच्या नसतात. घरभाड्याचा हिशेब बघून घर बदला, टॉवर बघून नको.

सीटीचं खरं ते सांगतो, कारण लपवून झोप येणार नाही. सीटीत एक्स-रेच्या कितीतरी पट किरण लागतात आणि मुलांच्या पेशींना ते जास्त झोंबतात. युरोपातल्या 9 देशांतल्या जवळपास 10 लाख मुला-तरुणांचा मोठा अभ्यास 2023 मध्ये आला. त्यांचा अंदाज असा, की 10,000 मुलांचा सीटी केला तर पुढच्या 12 वर्षांत त्यामुळे 1 ते 2 मुलांना रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे उरलेल्या 9,998 ना त्यापायी होत नाही. डोक्यात रक्तस्राव असता आणि सीटी केला नसता तर? गरज होती तेव्हा केलात, विषय संपला. पुढच्या वेळी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: सोनोग्राफीने भागेल का, थोडा वेळ नजरेखाली ठेवून बघता येईल का, आणि मशीनचं सेटिंग मुलाच्या वजनाप्रमाणे लावणार का. जुने रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात तोच सीटी पुन्हा होत नाही. साध्या छातीच्या एक्स-रेला घाबरू नका.

पावडर: टाल्क, म्हणजे पावडरीतलं खनिज, जुलै 2024 मध्ये 2ए मध्ये गेलं. माझा आक्षेप त्याआधीपासूनचा आहे. बाळाला अंघोळीनंतर पांढरं फटक करायची आपली हौस असते, तो ढग बाळ श्वासात घेतं. मान-काखा कोरड्या पुसल्या की पावडर लागत नाही.

राजवाडा_रिटर्न्स

डांबरगोळ्या राहिल्या. आजीच्या ट्रंकेतली दुपटी, कुंची, सगळ्याला तो वास. आम्हाला तो वास आवडायचा!

डॉ_गुटी

बरं आठवलं. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन 2बी आहे, पण तान्ह्यांसाठी त्याहून जवळचं संकट दुसरंच. जी6पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळाला तसल्या कपड्यांत गुंडाळलं तर रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. ट्रंकेतले कपडे धुऊन कडक उन्हात चांगले वाळवून मगच वापरा, पुढे कडुनिंबाचा पाला ठेवा.

घरात झुरळांसाठी फवारणी करताना मुलांना बाहेर न्या, खोली हवेशीर होऊ द्या. घरातल्या कीटकनाशकांचा आणि मुलांच्या ल्युकेमियाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही, पण काळजी घेणं फुकट आहे.

बडोदेकर_पण_आपलाच

सुपारीवर कोणीच बोललं नाही? आमच्याकडे मुखवासाच्या डबीत रंगीत सुपारी असते आणि पाहुणे कौतुकाने पोराच्या तोंडात घालतात.

चिऊची_आई

अगदी! परवा लग्नात पंगत उठल्यावर एका काकांनी चिऊच्या मुठीत गोड सुपारीची पुडी दिली. "तंबाखू थोडीच आहे" म्हणे.

डॉ_गुटी

इथे मी आवाज चढवणार आहे. नुसती सुपारी, तंबाखूशिवाय, 2004 पासून गट 1 मध्ये आहे. तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते, जबडा उघडेनासा होतो, तिखट सोसेनासं होतं. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. कॉलेजातल्या पोरांमध्ये हे दिसतं आणि विचारलं की सुरुवात लहानपणी गोड सुपारीने झालेली असते. चव लागते, मग पानमसाला, मग पुढचं सगळं. मध्य प्रदेशाने नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सर्वांत आधी, 1 एप्रिल 2012 ला, गुटख्यावर बंदी घातली, पण गोड सुपारीची पुडी आजही चॉकलेटांच्या बरणीशेजारी लटकते. ग्रुपवरच्या त्या यादीत मोबाइल होता, सुपारी नव्हती. यातच सगळं आलं.

घरातल्या सिगारेट-बिडीचंही तेच. "गॅलरीत ओढतो" चालत नाही, कपड्यांवरून, केसांवरून ते आत येतं. आईवडिलांच्या धूम्रपानामुळे मुलांना हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे यकृताचा एक दुर्मीळ कॅन्सर, होतो हे आयएआरसीने मान्य केलंय. बाळाच्या कॅन्सरबाबत इतका स्पष्ट पुरावा फार कमी गोष्टींचा आहे.

माई_लोकमान्यनगर

बडीशेप, धणाडाळ, भाजलेले तीळ. आमच्याकडे डबीत आता एवढंच असेल. अडकित्ता पूजेपुरता. पण हळदीकुंकवाच्या विड्यातली सुपारी मी काढणार नाही, ती कोणी खात नाही.

डॉक्टर, ओव्याच्या पुरचुंडीचं सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मी हेच तर म्हणत होते." मला तर कधी ऐकू आलं नव्हतं.

राजवाडा_रिटर्न्स

मी एक उलटं वाचलं होतं, खरं आहे का? फार स्वच्छ ठेवलेल्या मुलांना ल्युकेमिया जास्त होतो म्हणे. मग आपल्या इंदूरचं कसं व्हायचं?

डॉ_गुटी

मेल ग्रीव्ह्ज या ब्रिटिश शास्त्रज्ञाची मांडणी आहे, 2018 मध्ये त्यांनी ती सविस्तर लिहिली. पहिल्या वर्षात इतर मुलांत मिसळून किरकोळ सर्दी-पडसं झालेल्या मुलांत एएलएल हा ल्युकेमिया कमी दिसतो. तोवर फारच जपलेल्या, मुळात कल असलेल्या मुलांत नंतरचा संसर्ग ठिणगी ठरू शकतो. अजून मांडणीच आहे. पण अंगणात खेळू द्या, मातीत हात घालू द्या, स्तनपान करा (सहा महिन्यांवर स्तनपान मिळालेल्या मुलांतही ल्युकेमिया थोडा कमी दिसतो). रस्ते स्वच्छ ठेवा, पोरांना सॅनिटायझरच्या बाटलीत ठेवू नका.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट धाग्यावर कोणी काढलीच नाही: लस. हेपॅटायटिस बी चा विषाणू जन्मतःच लागला तर 10 पैकी 9 बाळांत तो आयुष्यभर मुक्काम करतो आणि पुढे यकृताचा कॅन्सर करू शकतो. तैवानने 1984 मध्ये हा विषाणू असलेल्या आयांच्या बाळांना आणि 1986 पासून सगळ्या बाळांना लस सुरू केली. तिथे मुलांमधला यकृताचा कॅन्सर पुढे निम्म्यावर आला. मुलींना 9 ते 14 वयात एचपीव्हीची लस, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी. पुण्याच्या सीरमची देशी लसही आहे. डिसेंबर 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना एक डोसही चालेल म्हणते.

सावध कशासाठी राहायचं तेही लिहितो. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक (फ्लॅशच्या फोटोत आधी दिसते), न थांबणारा ताप, फिकटपणा, न पडता-झडता निळे डाग, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, हाडं दुखून रात्री उठणं, पोटात गाठ. हे दिसलं तर घरगुती काढे नकोत, त्याच आठवड्यात दाखवा. सुबत्ता असलेल्या देशांत अशी 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. आपल्याकडे बराच उशीर घरातच होतो.

चिऊची_आई

बाळाचं लसीकरणाचं कार्ड आत्ता काढून बघितलं. हेपॅटायटिस बी च्या जन्माच्या डोसच्या चौकटीत तारीखच नाही. प्रसूती एका खासगी नर्सिंग होममध्ये झाली, तिथे फोन केला तर "दिलाच असेल" म्हणतात. आता काय?

डॉ_गुटी

"असेल" वर जाऊ नका, रजिस्टर बघून लेखी द्यायला सांगा. तो डोस 24 तासांत द्यायचा असतो, ती वेळ गेली. घाबरू नका, 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या पेंटाव्हॅलेंटमध्ये (पाच रोगांवरची एकत्र लस) हेपॅटायटिस बी असतंच. त्या तीन तारखा कार्डावर आहेत का ते आधी बघा. तुमची गरोदरपणातली एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी ची) तपासणी निगेटिव्ह होती ना? फाईल शोधा आणि कार्डासकट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

चिऊची_आई

तिन्ही तारखा आहेत. फाईल नणंदेने माळा साफ करताना कुठे ठेवलीय, शोधते.